बावन्न सांधे

४ फेब्रुवारी

धाकटे आजोबा,

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन वाईट आहे आणि टाइपिंग त्याहून वाईट, एका बोटाने करते. हा आईचा ऑर्डरी घ्यायचा कॉम्प्युटर आहे, त्याचं एक बटण दाबलं की दोनदा उमटतं. एवढं पत्र लिहायला मला दोन दिवस लागलेत. चुकलं असेल तिथे अंदाजाने वाचा.

मी तुमच्या मोठ्या भावाची नात. तुम्ही मला एकदाच पाहिलंय, आजोबा गेले तेव्हा. मी पाण्याच्या टाकीमागे उभी होते. आता सोळा पूर्ण झाली. शाळा नववीत सोडली. उभं राहून धडा वाचायला सांगितलं की माझा आवाज घशात बसायचा, मग पोरं हसायची, मग मी एक दिवस गेले नाही, मग गेलेच नाही. बाबा जहाजावर असतात, वर्षातून एकदा येतात. आई घरीच कपडे शिवते आणि मी तिच्या हाताखाली काजं-बटणं करते.

कामाचं सांगते. माळ्यावर आजोबांची लोखंडी पेटी होती. गेल्या महिन्यात आईला माळा रिकामा हवा होता म्हणून मी ती खाली काढली. आत जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक इंजिन निघालं. खेळणं म्हणवत नाही त्याला. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब आहे आणि उचलायला दोन हात लागतात. पोटात भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाची स्प्रिंग आहे, किल्ली दिली की चाकं फिरतात. मी ते हातात धरून किल्ली दिली तर चाकं हवेतच अशी पळायला लागली की वाटलं आता हे माझ्या हातातून निघून जाणार. चाकं थांबली तरी मी बराच वेळ तशीच उभी. आणखी दोन डबे आहेत आणि पितळेचे रूळ, तीन-तीन फुटांचे, बरोब्बर बावन्न.

तळाशी एक कागद होता. आमच्या मागच्या अंगणाचा नकाशा, त्यात लांबट गोल आणि कडेने आकडे. आकडे आजोबांच्या अक्षरात आहेत. एका कोपऱ्यात दुसऱ्याच अक्षरात ‘वळण मोठं हवं’ असं लिहिलंय आणि खाली आजोबांनी ‘जागा नाही, हट्ट सोड.’ आई म्हणाली, हट्ट करणारं अक्षर तुझ्या धाकट्या आजोबांचं असणार. म्हणून तुम्हाला लिहितेय.

मला हे अंगणात बांधायचंय. अडचण अशी की आई तिथे शेड घालणार आहे, अजून दोन मशीन बसवायला. पंचवीस मार्चला सुतार खांब रोवायला येणार. मी विचारलं तर म्हणाली, “तू सुरू करशील गं, पुरं कोण करणार? शाळा अर्धी, क्रोशाची चादर अर्धी, बाबांचा स्वेटर एका बाहीचा.” मग म्हणाली, “पंचवीसच्या आत माझ्या डोळ्यांसमोर गाडी एक अख्खी फेरी मारून आली, तर शेडचं काय करायचं ते मी बघते. नाही आली तर सगळं परत पेटीत.” तिला दुपारी एकलाच मशीनवरून उठता येतं. म्हणजे गाडी तेव्हाच फिरायला हवी.

मला एक तरी गोष्ट पुरी करायचीय. सुरुवात कुठून करू?

तुमची नात, टाकीमागची


७ फेब्रुवारी

टाकीमागच्या पोरी,

तुझ्या चुका मला दिसल्या नाहीत, कारण चष्मा लावूनही मला कमीच दिसतं. सून टॅबलेटवर अक्षरं बटाट्याएवढी करून देते, तेव्हा वाचतो. चौथ्या मजल्यावर राहतो, गुडघे गेलेत, खाली उतरणं बंद आहे. पण बोटं चालतात.

तो कागद अजून आहे? मला वाटलं होतं दादाने कधीच जाळला असेल. वळण मी आजही मोठंच म्हणतो.

रेल्वेत दादा वर इंजिनात, मी खाली रुळांवर. अडतीस वर्षं. खांद्यावर पाना, हातात हातोडा, रोज दहा किलोमीटर चालून एकेक खिळा बघायचा. इंजिनवाल्याला पोरं हात करतात. रूळवाल्याकडे कोणी बघत नाही, त्याने बाजूला व्हावं एवढीच अपेक्षा. तू पहिली, जिने मला रुळाबद्दल विचारलं.

आता ऐक. रूळ पेटीतच राहू देत. पहिलं काम जमिनीचं. किल्लीच्या इंजिनात एका फेरीपुरताच दम असतो, जरा चढ लागला की बसलं. तुझं अंगण सपाट आहे का? लगेच हो म्हणू नकोस, सगळे हो म्हणतात. एखाद्या गवंड्याकडून नाहीतर नळवाल्याकडून आरपार दिसणारी लांब नळी माग. तिच्यात पाणी भर, बुडबुडा राहू देऊ नकोस. एक टोक या खुंटीला बांध, दुसरं त्या खुंटीला. दोन्हीकडे पाणी जिथे थांबेल ती एक पातळी. काय दिसलं ते कळव.

धाकटा आजोबा


१६ फेब्रुवारी

धाकटे आजोबा,

पलीकडच्या नळवाल्या काकांच्या दारातून मी दोनदा परत आले. तिसऱ्या वेळी चिठ्ठी लिहून नेली. ते वाचून म्हणाले, “मुकी आहेस का गं?” मी म्हटलं, “नाही.” “मग कागद कशाला वाया घालवलास,” म्हणाले आणि नळी काढून दिली.

आजोबा, अंगण सपाट नाही. टाकीकडच्या टोकाला पाणी जमिनीपासून साडेतीन इंचांवर थांबलं आणि मोरीकडच्या टोकाला बारा इंचांवर. साडेआठ इंच. मी सोळा वर्षं या अंगणात चालतेय, पडलेय, झाडलंय, आणि माझ्या पायांनी मला हे कधी सांगितलं नाही.

पण मला सांगायचंय ते पाण्याचं. नळी हलली की पाणी दोन्ही टोकांना वर-खाली होतं, डुचमळतं, मग हळूहळू एकाच वेळी थांबतं. मधे टाकी आहे, पुदिन्याचा वाफा आहे, विटांचा ढीग आहे. या टोकाला ते टोक दिसतसुद्धा नाही. तरी दोघं बरोबर सारख्याच उंचीवर. मी मुद्दाम फसवायला नळी मधेच उचलून धरली, वळसे घातले. काही फरक नाही. मी दहा-बारा वेळा करून बघितलं.

मग आईला बोलावलं. ती हातात कात्री घेऊन आली, बघितलं आणि म्हणाली, “तरीच लादी धुतली की पाणी नेहमी मोरीकडे येतं.” आणि गेली. पण दारात थांबून तिने एकदा वळून बघितलं. मी पाहिलं.

टाकीकडून खणायचं आणि ती माती मोरीकडे टाकायची, बरोबर ना? सुरू केलंय. हाताला फोड आलेत, काजं करताना दुखतात, पण आईला सांगितलं नाही.

तुमची नात


२० फेब्रुवारी

पोरी,

बरोबर. माती टाकलीस की पाणी मारून ठोक, दोन दिवस जाऊ दे, मग परत ठोक. नवी माती बसते. बसायची ती गाडी यायच्या आत बसलेली बरी.

वर बारीक खडी पसर, चार बोटं जाड. खडीने दोन कामं होतात, पाणी खाली जातं आणि रूळ जागचा हलत नाही. खोक्यांच्या फळ्यांचे चार-चार इंचांचे तुकडे काप, जुन्या तेलात बुडवून वाळव, ते रुळांखाली आडवे टाकायचे तुझे स्लीपर. वळणासाठी एक खुंटी ठोक, पाच फुटांची दोरी बांध, दोरीच्या टोकाला दुसरी खुंटी बांधून जमिनीवर ओढत फीर. एवढ्याने होतं. मोठमोठी वळणंही माणसांनी अशीच काढलीत, फक्त दोरी लांब असते.

आणि एक कर. खडी पसरून झाली की गाल जमिनीला लावून झोप आणि त्या वाटेकडे बघ. लोक हसले तर हसू देत. मी कामाला लागलो त्या पहिल्या दिवशी आमच्या मुकादमाने मला असंच झोपवलं होतं. दोन रूळ लांब जाऊन एक झालेले दिसले आणि मला वाटलं, हे पुढे कुठेतरी खरंच मिळत असणार. एवढा मोठा घोडा झालो होतो, तरी वाटलं.

सांध्यांचं पुढच्या पत्रात लिहितो. आज हात दुखतोय.

धाकटा आजोबा


११ मार्च

धाकटे आजोबा,

तुमचं सांध्यांचं पत्र आलं नाही. दिवस कमी होते म्हणून मी थांबले नाही. म्हटलं सांधे म्हणजे शेवटी जोडणंच, आणि जोडणं मला येतं.

सगळं नीट सांगते. वळणावर आतला रूळ आखूड लागतो, बाहेरचा लांब. मला आधी कळेना, एक रूळ सारखा पुढे यायचा. मग लक्षात आलं, बाहीच्या मुंढ्याला असंच असतं, आतली कड कमी आणि बाहेरची जास्त. अख्ख्या फेरीला अकरा इंचांचा फरक पडला. तेवढे वळणावरचे आतले रूळ करवतीने थोडे थोडे कापले. म्हणजे गाडीची एका बाजूची चाकं दर फेरीला अकरा इंच जास्त चालतात आणि तरी दोन्ही बाजू बरोबरच पोहोचतात. हे मी झोपताना रोज डोक्यात फिरवते.

सांधे मी आईच्या शिवणीसारखे केले. टोकाला टोक घासून, चिकटून, नख जाणार नाही असे. आई म्हणते शिवण दिसता कामा नये. बोट फिरवलं तर कुठे जोडलंय ते कळत नव्हतं. वळणांना बाहेरून विटा लावून घट्ट केलं.

काल सकाळी साडेसहाला पहिल्यांदा गाडी सोडली. कोणी नव्हतं. मी गाल जमिनीला लावून झोपले होते. आजोबा, तिथून पुदिना म्हणजे रान आहे. गाडी त्या रानामागे गेली आणि थोडा वेळ काहीच नाही. मग ती वळणावरून बाहेर आली ती केवढी मोठी होऊन आली. आवाज नाही, काही नाही, सुई कापडातून जावी तशी. माझ्या डोळ्यासमोरून गेली आणि अख्खी फेरी मारून परत आली. मला उठताच येईना.

एक वाजता आईला घेऊन आले. ती म्हणाली, “हे काय आहे?” भिंतीकडचा सरळ रूळ सापासारखा वाकडा झाला होता. स्लीपरसकट खडीतून वर आला होता. तरी मी गाडी सोडली. ती तिथे गेली आणि आडवी पडली, चाकं फिरत राहिली. आई रागावली नाही. “अजून पंधरा दिवस आहेत,” म्हणाली आणि आत गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

आता खरं विचित्र ऐका. संध्याकाळी बघितलं तर रूळ परत जवळजवळ सरळ. जसं काही झालंच नाही. आज दुपारी परत वाकडा. मी कडेला बसून होते, कोणी हात लावला नाही. माझं काय चुकलं?

तुमची नात


१७ मार्च

धाकटे आजोबा,

सहा दिवस झाले. तुम्ही रागावलात, कळलं मला. तुम्ही पुढच्या पत्रात सांगतो म्हणाला होतात आणि मी वाट बघितली नाही. शाळेतही असंच व्हायचं, सांगायच्या आत करून मोकळी.

उद्या रूळ काढून पेटीत भरते. इंजिन पुसून चादरीत गुंडाळेन. सुताराला खड्डे खणायला सोपं जाईल, माती मऊच आहे. तुम्ही एवढं शिकवलंत त्याबद्दल थँक्यू.

नात


१७ मार्च, संध्याकाळ

पोरी,

पेटीला हात लावू नकोस. तू काही चुकली नाहीस. चुकलो मी, आणि दुसऱ्यांदा.

उन्हात धातू वाढतो. लोखंड, पितळ, सगळं. पंधरा किलोमीटर रूळ थंडीतल्या पहाटे मोज आणि भर उन्हात मोज, तीन माणसं ओळीने आडवी झोपतील एवढा तो वाढलेला असतो. त्याला कोणी थांबवू शकत नाही. म्हणून दर सांध्याला थोडी फट ठेवतात, वाढलेला रूळ त्या फटीत शिरतो. तू फट ठेवली नाहीस आणि वळणांना विटा लावल्यास, मग तो जाणार कुठे? सरळ भागात उसळला. संध्याकाळी गार झाला, परत बसला. हे तुला कोणी सांगायला हवं होतं. मी वीस तारखेला तेच लिहायला बसलो होतो. हात दुखत नव्हता माझा.

एका उन्हाळ्यात आम्हाला हुकूम होता, सगळे सांधे उघडून फटी मोजायच्या. माझ्या तुकड्यातला शेवटचा दीड किलोमीटर मी मोजला नाही. माणसं दमली होती, पाय भाजत होते, मागच्या वर्षी तिथे सगळं ठीक होतं. वहीत ‘ठीक’ लिहिलं आणि सही केली. चौथ्या दिवशी दुपारी तिथेच रूळ उसळला. मालगाडी येत होती. इंजिनात दादा.

त्याने लांबून बघितलं आणि ब्रेक लावला. दोन डबे घसरले, साखरेची पोती फुटली, माणसाला कुणाला खरचटलंही नाही. चौकशीत दादाला आत बोलावलं. तो तुकडा कोणाचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो एवढंच म्हणाला, “ऊन फार होतं साहेब.” मी बाहेर बाकावर होतो, दार उघडंच होतं. तो बाहेर आला, माझ्यासमोरून गेला. त्यानंतर एकवीस वर्षं आम्ही कामापुरतं बोललो. अंगणातली गाडी आम्ही त्याच्या आदल्या थंडीत कागदावर काढली होती. पुढे ती कोण बांधणार.

तू लिहिलंस, संध्याकाळी परत सरळ, जसं काही झालंच नाही. ते वाचून मी टॅबलेट पालथा घातला. सून म्हणाली, बाबा, जेवत का नाही. तिला काय सांगू. हे मी आजवर कोणाला लिहिलेलं नाही.

आता काम. पहाटे, गार असताना, सगळे सांधे उघड. दर सांध्याला नखाच्या जाडीएवढी फट. कमी नको, जास्त नको, आणि सगळीकडे सारखी. एकही सांधा अंदाजाने सोडू नकोस. वळणाच्या विटा काढ. सकाळी तुझी गाडी आवाज न करता गेली असं तू लिहिलंस, तिथेच मला कळलं होतं. गाडीचा तो खटखट आवाज म्हणजे चाक फटीवरून गेलं, दुसरं काही नाही. तू लहानपणापासून तोच ऐकलायस.

आठ दिवस आहेत. पुरतात.

धाकटा आजोबा


२६ मार्च

धाकटे आजोबा,

तुमचं पत्र मी चारदा वाचलं. त्यातलं दादाआजोबांचं मी आईला सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

सहा दिवस पहाटे पाचला उठले. नखाने मोजायला गेले तर माझी नखंच सारखी नाहीत, मशीनवर झिजलीत. मग कॉलरमध्ये घालायच्या बकरमची पट्टी कापली. बकरम बरोबर नखाएवढं जाड असतं. दोन रुळांच्या मधे पट्टी धरायची, रूळ तिला टेकवायचे, पक्कं करायचं, पट्टी ओढून काढायची. असे बावन्न. एकही अंदाजाने सोडला नाही. सगळ्या फटी मिळून लांबी वाढली, म्हणून टाकीकडचं वळण अर्ध्या बोटाने बाहेर सरकवावं लागलं. तुमचं वळण तेवढं तरी मोठं झालं.

काल पंचवीस होती. सुतार बारालाच आला, दोन खांब आणि पहार घेऊन. रुळांकडे बघून म्हणाला, “ताई, हे उचलणार ना?” आई आतूनच म्हणाली, “एक वाजू दे.” तो खांबावर बसून राहिला.

मी सकाळपासून एकाच सांध्याजवळ बसले होते. भिंतीकडच्या, जिथे आधी उसळला होता. सात वाजता फटीतून खालची खडी दिसत होती. नऊला कमी. मिटताना काही दिसत नाही, कितीही डोळे फाडून बघा. पण पाणी पिऊन आलं की थोडी मिटलेली असायची. साडेबाराला केसाएवढी राहिली. मी हात लावला तर रूळ चटका बसेल इतका तापलेला, आणि जागचा हललेला नाही. एवढं ऊन होतं, अख्ख्या गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं, आणि ते सगळं त्या नखाएवढ्या जागेत मावलं. मला जरा भीतीच वाटली. देवळात गेल्यावर वाटते तशी नाही, मोठ्या पाण्याच्या काठावर उभं राहिल्यावर वाटते तशी.

एकला आई आली. तोंडात टाचण्या होत्या. मी किल्ली दिली, एकतीस वेळा, त्यापुढे ती फिरत नाही. सोडली.

फटी मिटत आल्या होत्या तरी आवाज यायला लागला. बारीक, पण येत होता. टक. टक. मी मोजत होते, दोन्ही रुळांचे सांधे समोरासमोर आहेत म्हणून सव्वीस यायला हवे. पुदिन्यामागे गेली तेव्हा दिसत नव्हती पण मला आवाजावरून कळत होतं ती कुठे आहे. चौदा, पंधरा. भिंतीकडच्या सरळ भागावर आली. सुतार उठून उभा राहिला. एकवीस, बावीस. आता तिचा दम कमी झाला, टक आणि टक यांच्यातला वेळ वाढायला लागला. चोवीसला मला वाटलं संपलं. पंचवीस. मग खूप वेळाने सव्वीस. निघाली होती तिथून दोन बोटं पुढे जाऊन थांबली.

आई तोंडातल्या टाचण्या एकेक काढून बाहीला टोचत राहिली. सगळ्या टोचून झाल्यावर म्हणाली, “परत सोड.”

मी परत सोडली. या वेळी ती मशीनवर बसते तशी पाठ वाकवून खालीच बसली, आणि गाडी समोरून गेली तेव्हा तिची मान गाडीबरोबर फिरली. पुदिन्याकडे जाईपर्यंत बघत होती. मग तिकडेच बघत सुताराला म्हणाली, “खांब रुळाच्या बाहेर घे.”

सुतार म्हणाला, “मग गाडी शेडमधून जाईल ताई.”

“जाऊ दे.”

“मशीनखालून?”

“मशीनखालून. आणि रुळाला पहार लागली तर मजुरी विसर.”

तो खाली वाकून सांधे बघायला लागला. म्हणाला, जोड उघडे राहिलेत, भरून देऊ का. आई म्हणाली, “हिला विचार, तिने केलंय.” मग मी त्याला सगळं सांगितलं, ऊन, फट, बकरम, सगळं. तो ऐकून म्हणाला, “लाकूड पाण्याने फुगतं ते मला माहीत होतं, हे नव्हतं,” आणि बोट लावून बघितलं आणि चटका बसला.

आता एक प्रश्न. शेड झाली की भिंतीकडच्या आठ सांध्यांवर सावली येणार. ते कमी तापतील. मग तिथे फट तेवढीच ठेवू की कमी? लवकर सांगा, पत्रे सोमवारी चढणार आहेत. तुमच्या फोनवर मी आवाज पाठवलाय. कान लावून ऐकावा लागेल, मधे आईचं मशीन येतं.

आणि हो, कामाचं नाही तरी सांगते, आमच्या गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरांनी काल लग्न केलं, एकसष्टाव्या वर्षी. नवरी त्यांच्याहून वीतभर उंच आहे.

तुमची नात